एकवीस दिवस पोटाशी

जखम भरून येत असताना माणूस स्वतःच्या आत्म्याच्या सर्वांत जवळ असतो. हे वाक्य मी अमरावतीच्या दवाखान्यात पडल्या पडल्या तयार केलं होतं आणि हात मोकळा झाला की लिहून ठेवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात त्या एकवीस दिवसांत मी सर्वांत जवळ होतो तो माझ्या पोटाच्या. उजवा हात पोटाला टाके घालून शिवून ठेवलेला होता.

लढाई नुकतीच संपली होती. मी अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. घर चांदूर बाजाराजवळ, संत्र्याच्या बागेतलं. पण घरातल्या इतरांपेक्षा चार इयत्ता जास्त शिकल्यामुळे आपल्या हातांना यापुढे माती लागू नये असं माझं मत झालं होतं, आणि निघताना ते मी वडिलांना ऐकवलंही होतं. वडील खुरपं धूत होते. धूत राहिले.

जिनात हाताला माती लागत नाही हे खरं आहे. एका सकाळी यंत्राच्या तोंडाशी कपाशीच्या झाडाची, पऱ्हाटीची, काडी अडकली. मी ती काढायला पुढे झालो तेव्हा तिथला मजूर म्हणाला, "बाबू, राहू द्या, तुमाले नाई जमत." एवढं बोलला नसता तर मी मागे फिरलोही असतो. बाही ओढली गेली, आणि हात बाहेर आला तेव्हा मनगटापासून बोटांपर्यंत वरच्या बाजूला कातडी नव्हती. आतल्या पांढऱ्या शिरा, ज्यांनी बोटं हलतात, त्या उघड्या दिसत होत्या. मी बोटं हलवून पाहिली. त्या हलल्या. इतकं स्पष्ट शिक्षण मला शाळेत कुणी दिलं नव्हतं.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मनगटातून काढावा लागेल. मात्र अमरावतीला फौजेतून परतलेले एक डॉक्टर आलेत, त्यांना एकदा दाखवा, असंही तेच म्हणाले. मी रेल्वेनं अमरावतीला गेलो.

हे डॉक्टर पुण्याकडचे, सावकाश बोलणारे. लढाईत त्यांनी शिपायांचे हात आणि चेहरे शिवले होते. त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. उघड्या शिरांवर पातळ कातडी टिकत नाही. तिला रक्त कुठून मिळणार? म्हणून पोटावरची जाड कातडी तीन बाजूंनी सोडवायची, चौथी बाजू पोटालाच राहू द्यायची आणि मोकळा भाग हातावर शिवायचा. तीन आठवडे पोट तिला रक्त पुरवेल. तेवढ्यात हातानं तिला आपली मानली, तर चौथी बाजू कापायची.

"आणि नाही मानली तर?"

"तर अकोल्याच्या डॉक्टरांचं ऐकू," ते म्हणाले.

मी मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरकडून घरी पत्र लिहवून घेतलं. पोटाची कातडी हाताला बांधून एकवीस दिवस ठेवणार आहेत, लागली तर हात वाचेल, असा मजकूर होता. पुढे काही लिहायचं आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही.

शिवलेल्या हातानं जगण्याचे काही नियम असतात. कुशीवर वळायचं नाही. शिंक आली तर डाव्या हातानं उजवा घट्ट धरायचा. हसू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे एकच पथ्य मला त्रासाविना पाळता आलं. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेखाली एक बिऱ्हाड होतं: डबे, पथारी, नातवंडं. व्हरांड्यात चुली पेटत. माझ्या खाटेखाली फक्त माझे बूट होते. दुपारी चारला भेटायची वेळ होई. त्या वेळी मी पुस्तक तोंडासमोर धरत असे. पुस्तक धरलेल्या हातानंच पान उलटता येत नाही, त्यामुळे तेच पान मी बरेच दिवस वाचलं. अजूनही म्हणून दाखवीन.

शेजारच्या खाटेवर नांदगाव खंडेश्वरकडचा एक शेतकरी होता. बैलबंडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. पायाला विटा बांधून तो टांगून ठेवला होता. त्याची बायको दिवसभर त्याच्या उशाशी बसे. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "काहून जी बाबू, पोटावरून हात काढत नाई तुमी. एवढं काय दडवून राहिले?"

"त्याले हसवू नका," बायको म्हणाली. "टाके तुटतीन."

"मी कुठं हसवून राहिलो? मी इचारून राहिलो."

आठव्या दिवशी एक रावबहादूर रुग्णांना फळं वाटायला आले. आदल्या दिवशी भिंतींना चुना लागला होता आणि चुली हलवल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी निम्म्या वॉर्डाला जेवण उशिरा मिळालं. रावबहादूर धीर या विषयावर बराच वेळ बोलले. ऐकणाऱ्यांकडे तो असल्याचं त्यांना तिथंच पाहायला मिळालं. मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक संत्रं दिलं. माझ्यापाशी येऊन ते थबकले, कारण द्यायचा हात सापडेना. शेवटी त्यांनी ते माझ्या छातीवर ठेवलं.

ते संत्रं मी खिडकीत ठेवलं. एका हातानं संत्रं सोलता येत नाही. दातांनी येतं, पण बागायतदाराच्या मुलानं भरल्या वॉर्डात माकडासारखं संत्रं फोडायचं, याला मन तयार होईना. तीन दिवस ते तिथं होतं. चौथ्या दिवशी शेजारची बाई उठली, तिनं ते सोललं, फोडी माझ्या डाव्या हातात ठेवल्या आणि साल पदरात घेऊन परत जागेवर बसली. मी तोंड भिंतीकडे करून खाल्लं. त्यानंतर ती रोज एक संत्रं सोलून देऊ लागली. "खा जी भाऊ, आमच्याकडं लय हायेत." नांदगावाकडे संत्रं होत नाही हे मला माहीत होतं. बाजारातून आणत असतील, असं मी धरून चाललो. साल पातळ, फोड गोड. आमच्याच भागातला माल होता. घरचं मात्र कुणी आलं नव्हतं. पत्र पोचून दोन आठवडे होत आले होते. मी वडिलांना जे ऐकवून निघालो होतो, ते मला रोज चारच्या सुमाराला आठवे.

चौदाव्या दिवशी कातडीची बोटांकडची कड काळी पडली. डॉक्टरांनी ती हुंगून पाहिली.

"मरतेय का?" मी विचारलं.

"कड मरतेय. बाकीचं मी सांगू शकत नाही."

"केव्हा सांगाल?"

"तुमची कातडी सांगेल तेव्हा." हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याची टिंगल केली असती.

पुढचे सात दिवस मी पुस्तक उघडलं नाही. सकाळ-संध्याकाळ पट्टी सुटे आणि डॉक्टर बोटानं कातडी दाबत. दाबली की पांढरी होई, सोडली की रंग परत येई. तो यायला किती वेळ लागतो, ते मी मनात आकडे म्हणून मोजत असे. एकदा नेहमीपेक्षा कमी आकड्यांत रंग आला म्हणून मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की मी मुद्दाम सावकाश मोजत होतो.

एकविसाव्या दिवशी त्यांनी पोटाकडच्या मुळाशी रबराची नळी आवळून बांधली. पोटाचं रक्त बंद. आता हातानं कातडी जगवली तर जगवली. ते घड्याळ घेऊन बसले. कातडी हळूहळू निळसर झाली. मग मनगटाच्या बाजूनं गुलाबी रंग आत सरकू लागला. फार सावकाश, पण आला. डॉक्टरांनी नळी सोडली आणि म्हणाले, "उद्या कापू."

कापल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आले. धोतर, काठी, खांद्यावर रिकामं पोतं. शेजारच्या बाईला त्यांनी नुसती मान हलवून ओळख दिली, आणि ती पदर सावरून उठली. त्यांनी माझा हात उचलून उजेडाकडे धरला, अंगठ्यानं कातडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"लागलं," ते म्हणाले.

"बाबा, इतके दिवस आले नाई."

"येत होतो न. दर शनिवारी माल घेऊन येतो, तवा येत होतो. भायेर बसत होतो. संत्रे यांच्यापाशी देत होतो."

मी शेजारच्या बाईकडे पाहिलं. "तेच म्हनले का सांगू नको," ती म्हणाली.

"पण आत काहून नाई आले?"

वडिलांनी काठी भिंतीला टेकवली. "मास्तरनं तुहं पत्र वाचून दाखवलं. एकवीस दिवस बांधून ठेवतेत म्हने. आपन खुंटावर संत्र्याच्या कलमाचा डोळा बांधतो, तवा मालक त्या वाफ्याकडं जाते का? नाई जात. मालक पाहाले गेला का त्याचे हात शिवशिवतेत. लागला का नाई म्हनून सोडून पाहते. सोडला का डोळा मरते."

"बाबा, हे दवाखान्याचं बांधलेलं. डॉक्टर होते, ड्रेसर होते. तुमी थोडंच सोडणार होते?"

"मी सोडलं असतं," वडील म्हणाले.

त्यांनी पोतं झटकलं आणि घडी करून माझ्या खाटेखाली, बुटांच्या शेजारी ठेवलं. मग ते त्यावर बसले आणि संध्याकाळच्या मोटारीपर्यंत तिथंच बसून राहिले. आम्ही फारसं बोललो नाही. शेजारच्या शेतकऱ्याशी मात्र ते तीन तास विहिरीबद्दल बोलले.

हात राहिला. बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण टाक धरता येतो. हे त्याच हातानं लिहिलं आहे. वरची कातडी मात्र नाव हाताचं लावत असली तरी स्वभावानं पोटाचीच राहिली, आणि अंगावर मांस चढलं की ते आधी तिथं चढतं. डॉक्टरांनी हे सांगितलं नव्हतं. लग्नसराईच्या जेवणावळी संपत आल्या की माझा उजवा हात कोटाच्या खिशात जात नाही. डावा जातो.