दाजींचं न थांबणारं चाक

माझे दाजी जळालेल्या मोटारी भरतात. पंप, मिक्सर, पंखा, गिरणी, काहीही जळलं की त्यातली काळी पडलेली तार उपसायची, नवी गुंडाळायची, वॉर्निश देऊन सुकवायची आणि मोटार मालकाच्या हवाली करायची. याला वायंडिंग म्हणतात. चाळीस वर्षं हेच चाललंय. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे 'वायंडिंगवाले' म्हणतात. माणूस कामाला वाघ, बोलायला चिक्कू, आणि हट्टाचं तर विचारूच नका.

तार गुंडाळताना ते वेढे मोजतात, तेही ओठ हलवत. मध्येच कुणी बोललं की आकडा चुकतो आणि अख्खी कॉइल उलगडावी लागते. म्हणून माझ्या ताईने लग्न झाल्यापासून एक शिस्त पाळली आहे. पन्नास वेढे झाले की दाजी भिंतीवर खडूने रेघ मारतात, आणि रेघ पडली की मगच तिने तोंड उघडायचं. जेवण, दुखणं, पाहुणे, सगळं रेघेपर्यंत थांबतं. एकदा मी तिच्या सासऱ्यांच्या आजारपणाचा निरोप घेऊन धावत गेलो, तर तिने माझ्याच तोंडावर हात ठेवला. मी उभा, निरोप तोंडात, आणि दाजी आपले एकतीस, बत्तीस, तेहतीस!

मी स्वतः कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. दर दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे कुणीतरी कागदाची सुरळी घेऊन उगवतो. आपोआप फिरणारं चाक! कुणाच्या चाकात घरंगळणाऱ्या गोळ्या, कुणाच्या चुंबकं, कुणाचं पाणी स्वतःच चाक फिरवून स्वतःच पुन्हा वर चढणारं. सगळ्यांना आवळा देऊन कोहळा काढायचा असतो. प्राध्यापक त्यांना माझ्याकडे ढकलतात. मी चहा पाजतो आणि सांगतो, बाबा रे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चाकातून जेवढं काढायचं तेवढं आधी त्यात घालावं लागतं. आणि घातलेलंही सगळं परत मिळत नाही. बेअरिंग तापतं, हवा ढवळली जाते, घरघर होते, त्या सगळ्यात थोडं थोडं निघून जातं. तेल घालून ते कमी करता येतं, शून्य करता येत नाही. आणि समजा केलंच शून्य, तर चाक फिरत राहील खरं, पण त्याला एक दिवा लावलात की थांबायला लागेल. ते चहा पितात, मान डोलावतात, आणि जाताना विचारतात, "वरचे साहेब कधी भेटतील?"

हे खूळ आमच्याच घरात शिरेल असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ताईची फुप्फुसं गेली. तेव्हापासून खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आणि नाकात नळी. मशीन विजेवर चालतं आणि वीज दिवसातून दोनदा जाते. वीज गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर संपला तर कोपऱ्यात भरलेला सिलिंडर, अशी व्यवस्था होती. दाजींनी दुकान उचलून घराच्या पुढच्या खोलीत आणलं. दिवा जरा फडफडला तरी हातातली तार टाकून ते आत धावायचे. मुळात चार शब्द बोलणारा माणूस, त्यातलेही तीन गेले.

मग त्यांनी ते चाक आणलं. एका बंद पडलेल्या गिरणीतलं, ओतीव लोखंडाचं, चार माणसांनी उचलावं असं. चाकाला पट्टा, पट्ट्यावर जनरेटर, जनरेटरची वीज एका मोटारीला, आणि ती मोटार पुन्हा त्याच चाकाला फिरवणार. सुरुवातीचा वेग द्यायला आणखी एक छोटी मोटार होती, घरच्या विजेवरची. तिला शिलाई मशीनसारखं पायाचं पॅडल लावलेलं. दाबून धरलं तरच ती चालायची. वेग आला की पॅडल सोडायचं, पायाने शेजारच्या ताईच्या खाटेखाली सरकवायचं. पुढे चाक आणि त्याचं नशीब.

त्यांनी मला फोन केला. "दोनशे तीस व्होल्ट घालतो, दोनशे साठ निघतात. काय म्हणतोस?"

"दाजी, जनरेटरवर काही जोडलं होतं का?"

"नाही. नुसता मीटर."

"मग त्याला काय अर्थ आहे! व्होल्ट म्हणजे नळाचा दाब. दाब कितीही असो, बादली भरते का ते बघा ना."

"तू पुस्तकातलं बोलतोस," दाजी म्हणाले आणि फोन ठेवला. राग आला मला. चाळीस वर्षं मोटारी भरणाऱ्या माणसाने हे बोलावं? पण मोटारवाल्याचा मीटरवर जीव असतो, आणि मीटरवर तो व्होल्टच बघतो.

महिन्याभराने पुन्हा फोन आला. या वेळी आवाजच वेगळा होता. चाक चालत होतं. चाळीसचा दिवा लावून अर्धा तास. रोज सकाळी आणि संध्याकाळी, अकरा दिवस. "तुझी ताई म्हणते तुला दाखवा. शनिवारी ये. रविवारी इन्व्हर्टर काढतोय, हिचं मशीन यावरच लावणार. सिलिंडर दिला परत, कोपऱ्यात जागा नव्हती."

सिलिंडर परत दिला! माझं डोकंच फिरलं. शनिवारी कॉलेजात रजा टाकून तिथे पोहोचलो.

दाजींनी पॅडल दाबलं. चाक घरघरत उठलं, वेगात आलं, दिवा लागला. त्यांनी पॅडल खाटेखाली सरकवलं आणि हाताची घडी घालून उभे राहिले. ताई खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती, मांडीवर शाल. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. दिवा तसाच! दाजी शिट्टी वाजवत होते. दाजी, शिट्टी! लॅबमधली माझी तीस वर्षं गेली की काय पाण्यात, असं मला खरंच वाटलं. तेवढ्यात बाहेर एक गिऱ्हाईक पंप घेऊन आलं आणि दाजी पुढच्या खोलीत गेले.

मी चाकाभोवती फिरलो. सवयीने सगळीकडे हात लावला. बेअरिंग गरम, ते असणारच. जनरेटर कोमट. छोट्या मोटारीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. भाजला! वीस मिनिटं बंद असलेली मोटार एवढी तापेल कशी? मी तिची वायर कुठे जाते ते बघत गेलो. वायर खाटेखाली, शालीच्या टोकाखाली, आणि तिथे पॅडलवर ताईचा अंगठा.

"ताई!"

"हळू बोल."

"हळू काय बोल? अकरा दिवस तू..."

"पहिल्या दिवशी चार मिनिटांत थांबायला लागलं रे. त्यांचं तोंड बघवेना. म्हटलं, एकदाच. मग ते शिट्टी वाजवायला लागले." तिला धाप लागली. "दोन वर्षं या घरात कुणी शिट्टी वाजवली नव्हती."

"अगं, पण उद्या इन्व्हर्टर काढतायत! वीज गेली की तुझी ही मोटारही बंद. मग कितीही दाब अंगठा! चार मिनिटं, बस्स."

"कळतंय मला. म्हणूनच तुला बोलवायला लावलं. तू शिकलेला, तू सांगितलंस तर ऐकतील."

"माझं? त्यांनी माझं कधी ऐकलंय?"

दाजी आत आले तेव्हा तिने पाय काढला होता, चाक मंदावत होतं.

"अहो," ती म्हणाली, "पुन्हा एकदा लावा ना."

दाजींनी लावलं. या वेळी ताईने दोन्ही पाय वर घेतले आणि खाटेवर मांडी घालून बसली. दोन मिनिटांत दिवा पिवळा झाला. चौथ्या मिनिटाला नुसती लाल तार दिसत होती, मग तीही गेली. जड चाक आणखी थोडं रेंगाळलं आणि उभं राहिलं.

मला वाटलं, झालं, आता डोळे उघडतील. कसलं काय! दाजींनी पट्टा ताणून पाहिला. जनरेटरचे कार्बन ब्रश काढून फुंकर मारली. पाना घेऊन बेअरिंगशी बसले. "अकरा दिवस चाललंय. आजच काय झालं? बिघाड आहे कुठेतरी. सापडेल." कपाळाला तेल लागलेलं, त्याचीही शुद्ध नाही. चाललेलं चाक या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तो जन्मभर बिघाड शोधत बसला असता, आणि मी फिजिक्सची अख्खी लायब्ररी त्याच्यापुढे आणून ओतली असती तरी काही फरक पडला नसता. मी तरीही तोंड उघडलं. ताईने मला हाताने थांबवलं.

"बिघाड काही नाही," ती म्हणाली. "मी चालवत होते."

दाजींनी वर पाहिलं. तिने पाय खाली सोडला, पॅडल ओढलं आणि दाबलं. छोटी मोटार गुणगुणली. तिने सोडलं, मोटार थांबली.

"अकरा दिवस?" दाजींनी विचारलं.

"हो."

"दोन्ही वेळा?"

"हो."

आता भडका उडणार म्हणून मी दोघांच्या मध्ये सरकलो. दाजींनी पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि मला म्हणाले, "सिलिंडरवाला पाचला बंद करतो. पळ." मग ते खाटेच्या पायथ्याशी बसले. तिचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि वॉर्निशने पिवळ्या पडलेल्या बोटांनी अंगठा चोळायला लागले.

"त्या पॅडलची स्प्रिंग केवढी कडक आहे," ते म्हणाले. "मला दाबताना जोर लागतो. तू अर्धा-अर्धा तास धरून बसायचीस? दुखत असेल ना गं."

"दुखतो," ताई म्हणाली, आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा माझ्यादेखत रडली. मी चपला घातल्या आणि सिलिंडर आणायला निघालो.