कोर्ट उठेपर्यंत

बारामतीच्या त्या मुलींच्या वसतिगृहात दिवेलागणीला पोरी आत यायच्या, तेव्हा सारजाबाई दारात आडवी उभी राहायची आणि दोन-दोन करून त्यांना आत सोडायची. मेंढरं आत घेताना मोजायची तिच्या सासऱ्याची ही रीत. चव्वेचाळीस पोरी, बावीस जोड्या. हजेरीचा कागद चुकायचा, बाई चुकायची नाही.

"मावशे, आमाला मेंढरं समजतीस व्हय?" धिटुकली वैष्णवी विचारायची.

"मेंढरं बरी, बाई. वेणी घाल म्हून माझ्यामागं लागत न्हाईत."

सणसरला नवरा जोतीराम वारला, तेव्हा दिराच्या घरी पडून राहण्यापेक्षा बाई इथं भाकरी थापायला आली. आठ वर्षं झाली. दिवसा चूल, रात्री पोरींच्या उशाशी अंथरूण.

शहाण्णव साली वसतिगृहाला सरकारी मान्यता आली आणि तिच्या मागोमाग कागद आले. माणसं कायम करायची, पण आधी पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी. कायम झाली तर मागची खोली सारजाबाईच्या हक्काची, म्हातारपणी पेन्शन. नाही झाली तर सणसर आणि जावेची ओसरी. तिसरी वाट नव्हती.

अधीक्षिका इंदिराबाई स्वतः तिचा फॉर्म भरायला बसल्या.

"कधी गुन्हा? शिक्षा वगैरे?"

"शिक्षा? न्हाय."

"नीट आठवा."

"तुरुंगाचं दारसुदिक बघितलं न्हाय मी."

इंदिराबाईंनी 'नाही' लिहिलं. सारजाबाईनं अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं आणि डाळीला फोडणी द्यायला गेली.

खोटं ती बोलली नव्हती. निदान तिच्या समजुतीनं तरी नाही.

बारा वर्षांमागची गोष्ट. पुरुषमाणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली, घरी दोघी जावा आणि लंगडी-आजारी चार मेंढरं. ती मेंढरं शेजारच्या घासाच्या शेतात शिरली. त्या शेतमालकाचा गडी कुऱ्हाडीच्या दांड्यानं मेंढरू बडवायला लागला, तशी धाकटी जाऊ तानूबाई धोंडा घेऊन धावली. डोकं फुटलं गड्याचं. जमादार दारात आला, तेव्हा तानूबाईच्या पदराखाली दोन महिन्यांचं पोर पीत होतं.

"धोंडा कुणी घातला?" जमादारानं विचारलं.

सारजाबाईनं पोराकडं बघितलं. "म्या," म्हणाली.

मग इंदापूरच्या कोर्टाच्या तारखा. एसटीनं जायचं, दिवसभर झाडाखाली बसायचं, पुढची तारीख पदरात घेऊन परत यायचं. चौथ्या खेपेला जमादारच म्हणाला, "कबूल कर, बाई. किरकोळ दंड हुईल आन् हेलपाटा सुटंल." तिनं कबूल केलं. साहेबांनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत बसायला सांगितलं. बसली मागच्या बाकावर. पदरात शेंगा होत्या, पण टरफलाचा आवाज होईल म्हणून त्याही खाल्ल्या नाहीत. संध्याकाळी साहेब उठले, तशी तीही उठली. एसटी धरून घरी आली आणि भाकरी थापायला बसली. ज्या दिवशी माणूस आपल्या चुलीपाशी परत येतं, त्या दिवसाला शिक्षा कोण म्हणतं?

महिन्याभरानं सणसरचा पोलीस पाटील महिपती वसतिगृहावर आला. त्यानं चहाला नको म्हटलं, तशी ती हातातलं आधण खाली ठेवून समोर बसली.

"वैनी, मी चांगलंच लिवून दिल्तं. पर ठाण्याच्या दप्तरात निघालं."

"काय निघालं?"

"मारहाण. कोर्ट उठंपतूर साधी कैद."

"आरं, बाकड्यावर बसलेली मी. कैद कुटली?"

"कायद्यात त्येलाच कैद म्हंत्यात."

"मंग साहेबबी माज्यासंगट कैदंतच व्हता की."

महिपती हसला नाही. टोपी काढून त्यानं ती गुडघ्यावर नीट केली.

इंदिराबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. "जुनी भानगड आहे, ती मी वर समजावून सांगितली असती हो. पण फॉर्मवर 'नाही' लिहिलंय, आणि तेच त्यांना झोंबलंय. मुलींचं वसतिगृह आहे, म्हणतात." धोंडा खरा कुणी घातला ते सारजाबाईनं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मारणारी दुसरी होती, असं जर कुणी लिहून दिलं, तर एकदा अर्ज करून बघते."

सारजाबाई सणसरला गेली. तानूबाई ओसरीवर गहू पाखडत होती. जिच्या पदराखाली पोर होतं ती हीच, आता चार म्हशींची मालकीण. सारजाबाईनं सगळं सांगितलं, पण लिहून दे असं काही म्हणाली नाही. मागून घ्यायची ही गोष्ट नव्हे, असं तिला वाटलं. ती नुसती थांबली.

सूप वर-खाली होत राहिलं. खडा निवडून तानूबाईनं अंगणात टाकला.

"आक्का, तुमी तवा कबूलच कशाला केलं? मी म्हणलं व्हतं का?"

"न्हाय, बाई," सारजाबाई म्हणाली. "तू पोराला पाजत व्हतीस."

सूप पुन्हा हलायला लागलं.

आठवड्यानं नवी बाई आली, कोऱ्या चारित्र्याची. स्वभावानं वाईट नव्हती बिचारी. सारजाबाईनं तिला सगळं समजावून दिलं. कोपऱ्यातली पोर अंथरूण ओलं करते, तिला रागवायचं नाही, पहाटे एकदा उठवायचं. स्वप्नालीला ताक वाढायचं नाही, खोकते. वैष्णवी अंधाराला भिते पण सांगत नाही, तेव्हा तिच्या अंगावर हात टाकायचा. किल्ल्या दिल्या.

दिवेलागणीला नवी बाई कागद घेऊन एकेक नाव पुकारू लागली. सारजाबाई फाटकाबाहेर बोचकं काखेत धरून उभी होती. तिनं आपल्या परीनं मोजलं. बावीस जोड्या भरल्या, मग ती स्टँडकडे वळली.

घरी पोचली तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात वाकळ टाकून ठेवलेली होती. भाकरी तानूबाईनं थापली. सारजाबाईला ती बाहेरच वाढली.