इवायांसमोर किती दुखतं

"काका, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" सिस्टरनं विचारलं आणि मी "दोन" म्हणून मोकळा झालो. खरं तर आठ होतं. पण उशाशी धामणगावचे इवाई बसले होते, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. हर्नियाच्या ऑपरेशननंतर आपण दुसऱ्याच दिवशी जिना कसा चढलो, ते त्यांनी नुकतंच सांगून संपवलं होतं. अशा माणसासमोर आठ कसं म्हणायचं?

अकोल्यात सोनोग्राफीत गॉलब्लॅडर स्टोन, म्हणजे पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा दुर्बिणीनं काढू, लगेच घरी जाल, असं ठरलं होतं. अमरावतीला ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्यावर पित्ताशय आतड्याला चिकटलेलं निघालं. मग बरगडीखाली वीतभर चीर.

माझ्या फाइलमध्ये दुखण्याचं इंजेक्शन 'एसओएस' होतं. म्हणजे लागलं तरच द्यायचं. आणि लागतं की नाही, हे माझ्या त्या आकड्यावरून ठरणार. हे मला कुणीच सांगितलं नाही. मला वाटलं, जेवलात का विचारतात तसंच हेही विचारतात.

सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मोठ्यानं विचारायची, ती नेमकी पाहुण्यांच्या वेळेत. मी हालचाल न करता पडलेला. इवाई रोज यायचे. मी रोज दोन.

बायकोनं एकदा हळूच विचारलं, "खरंच दोन?"

"म्हनलं ना दोन," मी खेकसलो.

फुफ्फुसं उघडी राहावीत म्हणून स्पायरोमीटर दिलं होतं. प्लास्टिकच्या डबीत तीन गोळे असतात, नळीनं श्वास ओढून ते वर उचलायचे. श्वास ओढला की चीर फाटल्यासारखी वाटे. पहिला गोळासुद्धा हलेना.

राउंडला डॉक्टर म्हणाले, "दुखणं दोन, आणि एक गोळा उचलत नाही? आळस सोडा. कफ साचला तर न्यूमोनिया होईल."

आळस! मला इतका राग आला की ओरडावंसं वाटलं, पण तेही जमेना. इवाई शेजारी संत्रं सोलत होते. संध्याकाळी ताप चढला. आता मात्र मी घाबरलो.

थर्मामीटर लावायला सिस्टर आली. कूस वळताना माझं तोंड कसं झालं ते तिनं पाहिलं असावं. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. पोटावर उशी दाबून धरायला लावली.

"खोका."

खोकलो. डोळ्यांतून पाणी आलं.

"आता किती?"

"आठ."

"मग ते दोन कोणाचं होतं?"

"इवायांचं."

ती हसली नाही. म्हणाली, "पडल्या पडल्या विचारून उपयोग नाही, हलताना विचारायला पाहिजे होतं. पण पेशंट इतके, की आकडा लिहून पुढं पळावं लागतं."

तिनं डॉक्टरांना फोन केला. इंजेक्शन मागितल्यावर नाही, ठरल्या वेळी द्यायचं ठरलं, आणि व्यायामाच्या थोडं आधी. दुसऱ्या दिवशी एक गोळा उचलला, मग दुसरा. ताप उतरला.

तिचे उपकार आहेतच. पण चीड अजून गेलेली नाही. हा प्रश्न पहिल्याच दिवशी, चार लोक नसताना विचारला असता तर? तुमच्यावर ही वेळ आली तर पाहुण्यांना चहाला पाठवा आणि खोकतानाचा आकडा सांगा. एसओएस असेल तर तोंड उघडून मागा. तिथं शाबासकी कुणी देत नाही.

अकोल्याला परत येताना गाडीत मी बायकोला म्हणालो, "काही म्हन, इवायासारखं सोसनं आपल्याच्यानं होत नाई."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "इहीनबाईनं मले पयल्याच दिवशी फोनवर सांगतलं. हर्नियाच्या वक्ती इवाई इंजेक्शनसाठी लेकरासारखे रडत होते. जिना चढले ते महिन्यानं."

"मंग मले तवाच काहून नाई सांगतलं?"

"कायले सांगू?" ती म्हणाली. "तुमाले तं दोनच दुखून राह्यलं होतं."