उझ्दा

परवा बाजारात जुन्या वस्तूंच्या स्टॉलवर तेल लावलेल्या चामड्याचा वास आला आणि मला वीसेक वर्षांपूर्वीचं, इंग्लंडमधल्या रीडिंग गावातलं किचन आठवलं.

त्या सकाळी बाबा गेल्याचा फोन आला होता. पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी क्रॉयडनच्या सरकारी ऑफिसात अडकलेला, त्यामुळे भारतात जाता येणार नव्हतं. मी चहा ठेवला. माझा पोलिश हाउसमेट मारेक टेबलाशी त्याच्या आजोबांच्या घोड्याचा लगाम तेलाने पुसत बसला होता.

“आमच्याकडे याला उझ्दा म्हणतात,” तो म्हणाला. “उस्ता म्हणजे तोंड. त्यावरूनच हा शब्द आला, असं आमचे मास्तर सांगायचे. तुमच्यात?”

“लगाम. तो फारसीतून आलाय. पण तुझ्या उस्ताच्या नात्यातला आमचा संस्कृत ओष्ठ आहे. त्याचाच मराठीत ओठ झाला.”

“सेम फॅमिली!” तो खूश झाला.

संस्कृत माझ्याकडून बाबांनीच घोकून घेतलं होतं. ते मी मारेकला सांगितलं नाही, फोनचंही नाही. चहा निवेपर्यंत आम्ही शब्द जुळवत बसलो.

आईला अजून वाटतं, त्या दिवशी मी तिकडे एकटा रडत होतो.