टोमॅटोला वाचता येत नाही

साठे सर गेल्याचा मेसेज इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी जर्मनीत, कोलोनच्या ट्राममध्ये होते. मी फोन बंद केला, ठरल्याप्रमाणे भाजी घेतली आणि घरी आले. रडू आलं नाही. दीड महिना झाला, अजूनही आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण माझ्याकडे त्यांच्याबद्दल दुसरं फारसं काही नाही...

आफ्रिकी देशांचा आपसातला व्यापार हा त्यांचा विषय. पीएचडीसाठी मी पुण्याहून इथल्या संस्थेत त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा त्या देशांनी एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क उतरवण्याचा करार केला होता आणि सर त्यावर गावोगाव व्याख्यानं देत होते. त्या सीमांवर स्वतः मात्र एकदाही गेले नव्हते. "आल्झो, तर मीनल, धुळीत उभं राहून अर्थशास्त्र कळत नसतं," असं म्हणत त्यांनी मला पाठवलं. झांबिया-टांझानियाच्या सीमेवर मी दोन महिने काढले. तिथे ग्रेस नावाची टोमॅटोची व्यापारी भेटली. तिच्या मालावर शुल्क नव्हतं. पण माल आपल्याच देशात पिकल्याचा दाखला, मग तपासणी, मग पलीकडे पुन्हा तीच तपासणी. ट्रक उन्हात उभा, टोमॅटो गळायला लागलेले, आणि पलीकडच्या बाजारात समुद्रापारहून आलेली डबाबंद पेस्ट तिच्या मालापेक्षा स्वस्त. "करार झाला म्हणतात," ती मला म्हणाली, "पण टोमॅटोला कुठे वाचता येतं? ते थांबत नाहीत."

मी हे सगळं लिहून सरांना दिलं. "ललित लिहितेस," म्हणून त्यांनी ती पानं माझ्या प्रबंधातून काढायला लावली. पुढे ब्रसेल्सच्या परिषदेत मी मागच्या रांगेत बसले होते, आणि सर व्यासपीठावरून सांगत होते, "सीमेवर मला एक बाई भेटली..." ग्रेसचं वाक्य आलं. सभागृह हसलं, मग टाळ्या. परतताना गाडीत मी म्हटलं, "सर, ती मला भेटली होती." त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "संस्थेनं पाठवलं, काम संस्थेचं. तुझा करार मार्चमध्ये संपतोय ना?" माझा व्हिसा त्या करारावर होता. मी गप्प बसले, आणि पुढची सहा वर्षं गप्पच राहिले. त्याच संस्थेत, त्यांना रोज नमस्कार करत.

मंडळाच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी हे सगळं बोलले. कुणीतरी खुर्ची सरकवून बाहेर गेलं. नंतर साठेकाकू माझ्याजवळ आल्या. वाटलं, आता थोबाडीत देतील.

"अगं, मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "हे कधी उन्हात दहा मिनिटं उभे राहिले नाहीत. यांना सीमेवर बाई कुठून भेटायची? पण तू त्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतंस. आता त्यांच्या वाट्याचं ते मला एकटीला ऐकावं लागलं."

त्यांचा हात धरावासा वाटला. त्यांनी तो पर्समध्ये घातला आणि त्या निघून गेल्या.

गेल्या आठवड्यात सरांची खोली मला मिळाली. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारावरची त्यांच्या नावाची पाटी काढायला आला. मी त्याला थांबवलं. त्याला वाटलं, आदरापोटी. डोकं हलवून तो हळू पावलांनी गेला. पाटी अजून तिथेच आहे. रोज सकाळी किल्ली फिरवताना मी ती वाचते. सरांचा राग येतो, आणि त्याच्या मागोमाग माझा.