भांगाचं पाणी

सोमवार, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. माळ्यावरून गळाची काठी, रीळ आणि दुर्बीण खाली काढली. रिळावर गेल्या वर्षीचं मीठ तसंच होतं, ते जुन्या टूथब्रशने घासत बसले.

बोईसरच्या कारखान्यातले हे आणि त्यांचे दोन मित्र दर हिवाळ्यात एकदा शिरगावजवळच्या खाडीत जातात. मासे धरायचे, थंडीत येणारी बदकं बघायची, डबा खायचा, परत यायचं. आखणी माझ्याकडे, कारण माझं माहेर किनाऱ्यावरचं, भरती-ओहोटी मला तिथीवरून कळते. यंदा पावसाळ्यात यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी टेकत चालतात. तरी दिवाळी झाल्यापासून एकच विषय, खाडीवर कधी जायचं? डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत मलाच होती, पण रोज तेच ऐकून मी दमले होते.

कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. येता शुक्रवार अष्टमीचा, म्हणजे भरती सकाळी सहाच्या पुढेमागे. भरलेल्या पाण्यात होडी जेट्टीला लागेल, हे पायरीवरून सरळ आत पाऊल टाकतील. मी तसं ठरवून टाकलं आणि संध्याकाळी बाजारात होडीवालीला सांगायला गेले. ती बोंबील विकत होती.

"शुक्रवारी? भांगाच्या पान्यात?" ती हसायलाच लागली. "भरती येल, पन जेट्टीला पानी नाय लागनार. चिखलातून चालत यावा लागंल. म्हायेरचा पानी इसरली काय गो?"

विसरले नव्हते. माहेरी जेट्टीच नाही, होडी रेतीवर लागते, पाणी चढलं काय न चढलं काय. मी भरतीची वेळ बरोबर काढली. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्यात जोर नसतो, ते वर चढत नाही, हे मात्र हिशेबात धरलंच नाही.

"भावजींना चिखल जमंल?" तिने हसू आवरून विचारलं.

"नाही."

घरी आले तर मित्रांपैकी एक यांच्याशेजारी चहा पीत बसलेला. त्याला अडचण सांगितली.

"त्यात काय वहिनी? आम्ही दोघं उचलून नेतो याला. आणि मी छऱ्याची बंदूक आणतोय. दोन बदकं पाडू."

"जामीन तुमची बायको देणार का? दुर्बीण आणा."

हे म्हणाले, "उचलून न्यायला मी काय सिमेंटची गोणी आहे? तुम्ही जाऊन या. मी येत नाही."

मित्र कप ठेवून निघून गेला. यांनी काठी भिंतीला टेकवली आणि टीव्ही लावला. आवाज बंदच होता. रोजच्या कटकटीपेक्षा ते गप्प बसणं मला जड गेलं. भाकऱ्या थापताना मी पुन्हा तिथी मोजल्या. अमावास्येनंतरची द्वितीया, पुढच्या आठवड्यातला रविवार. उधाणाचं पाणी, भरती दुपारी दीडच्या सुमारास, जेट्टीच्या वरच्या पायरीपर्यंत. सकाळी ओहोटी असेल, बदकं आणि चिखलातली पाखरं बांधावरून खुर्चीत बसूनच दिसतील. पाणी भरलं की होडीत बसायचं आणि ते उतरायच्या आत जेट्टीला परत लागायचं. म्हणजे आधी पाखरं, मग मासे. दरवर्षीच्या उलट.

मंगळवारी सकाळी मित्राला फोन केला. "शुक्रवार रद्द. पुढच्या आठवड्यातल्या रविवारची रजा टाका, दोघांनी."

"अहो वहिनी, रविवारी डबल शिफ्ट आहे..."

"मग तुम्ही नका येऊ. आम्ही दोघं जातो."

"टाकतो रजा," तो म्हणाला.

होडीवालीलाही फोन केला, होडीच्या कडेला पाइपचा तुकडा बांधून ठेव म्हटलं, गळाची काठी त्यात उभी राहील. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन रिळाचा दांडा उजवीकडून काढला, डावीकडे बसवला आणि रीळ यांच्यापुढे ठेवला. यांनी डाव्या हाताने दोन फेरे दिले.

"कुरकुरतोय," म्हणाले.

मी शिलाई मशीनचं तेल त्यांच्यासमोर ठेवलं आणि कणीक भिजवायला आत गेले.