रेवाने ‘नाही’वर केलेली खूण

रेवा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनच्या ज्युबिली लाइनच्या ट्रेनमध्ये होते, ऑफिसला निघालेली. सुधीर, म्हणजे तिचे बाबा, एवढंच म्हणाले, “रेवा सकाळी उठलीच नाही.” मी पुढच्याच स्टेशनवर उतरले आणि परतीची ट्रेन धरायचं सोडून प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. याला आता पाच आठवडे झाले, पण ते चालणं काही थांबत नाही. मीटिंगमधून मध्येच उठते, घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते. वीस वर्षांची मुलगी… आणि डोक्यात एकच प्रश्न, मी तेव्हा गप्प बसले असते तर?

रेवाची आई अंजली माझी पुण्याच्या कॉलेजातली मैत्रीण. लग्नानंतर ती हॅरोत आली, नोकरीमुळे मी जवळच्याच स्टॅनमोरला. रेवाचा जन्म इथलाच. अंजली फार्मसिस्ट, तिला शनिवारी सुटी नसायची. सुधीरना मुलीच्या फुटबॉलपेक्षा ए-लेव्हल्सची, म्हणजे इथल्या बारावीची, काळजी जास्त. त्यामुळे रेवा अकरावी-बारावीच्या, सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या टीममध्ये आल्यावर शनिवारच्या मॅचला तिला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. मला मूलबाळ नाही आणि फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सुरुवातीला मी गाडीत हीटर लावून वाचत बसायचे. एकदा कशाला तरी मान वर केली आणि पुस्तक तसंच मांडीवर राहिलं. डाव्या कडेने बॉल घेऊन निघालेली रेवा मध्येच जराशी थबकायची, समोरची मुलगी घाईने पाय पुढे टाकायची, आणि तोवर ही निघून गेलेली असायची. पुढच्या शनिवारपासून मी छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहू लागले.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने फायनल जिंकली, दोन्ही गोल रेवाचे. त्या मॅचला कॉव्हेंट्रीकडच्या एका व्यावसायिक क्लबच्या बाई आल्या होत्या. त्यांनी मलाच तिची आई समजून हात पुढे केला. रेवा हसत म्हणाली, “शी इज माय मावशी. ड्रायव्हर पण आहे.” सहा शनिवार ट्रायलला या, असं त्या म्हणाल्या. मग आमच्या कॉव्हेंट्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या. जाताना ती एक अक्षर बोलायची नाही, येताना तोंड बंद नसायचं. पाचव्या शनिवारी सुधीरही आले. खिशात हात घालून दोन तास उभे होते. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, तिकडे राहायला गेली तर जेवणाचं काय करेल ही? रेवाने मागच्या सीटवरून माझा खांदा दाबला. बाबा तयार झाले होते.

सहाव्या शनिवारी क्लबने सांगितलं, मेडिकल झालं की करार. मी तिला शोधत चेंजिंग रूमच्या मागे गेले, तर ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, ओठ पांढरे. “काही नाही, मावशी. थोडा चक्कर आला.” खोदून विचारल्यावर कळलं, ही तिसरी वेळ. त्याआधी एकदा कॉलेजच्या मैदानावर ती क्षणभर शुद्ध हरपून पडली होती, आणि पाय घसरला म्हणून तिने वेळ मारून नेली होती.

मोटरवेवरच्या सर्व्हिसेसच्या उपाहारगृहात आम्ही चिप्स खायला थांबलो. तिने क्लबचा फॉर्म काढला. कधी चक्कर, कधी बेशुद्धी? पुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन. माझ्यादेखत तिने ‘नाही’वर खूण केली आणि पेन टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, हे मला अंजलीला सांगावं लागेल. तिने वर पाहिलंही नाही.

“तू आईला सांगितलंस तर मी तुझ्याशी परत कधी बोलणार नाही. मी सिरियस आहे.”

हॅरोत ती उतरली, तिच्यामागून मी आत गेले आणि पायातले बूटही न काढता स्वयंपाकघरात अंजलीला सगळं सांगून टाकलं. रेवा दारात उभी राहून ऐकत होती…

तपासण्यांत हृदयाच्या स्नायूत जन्मापासूनचा दोष निघाला. डॉक्टरांनी स्पर्धेचा खेळ बंद करायला सांगितलं. धोका कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असंही तेव्हाच सांगितलं होतं. करार होणार नाही असं कळवणारं क्लबचं पत्र फार सभ्य होतं. रेवाने शब्द पाळला. मी घरी गेले की ती वरच्या खोलीत जायची. सात महिने.

मग एका शनिवारी सकाळी ती माझ्या दारात उभी. मागे जाळीच्या पिशवीत डझनभर बॉल. कॉलेजच्या मैदानावर ती लहान मुलींना शिकवू लागली होती. तिने विचारलं, “तुझ्या गाडीत जागा आहे?” मी किल्ली घेतली. त्या सात महिन्यांबद्दल ती एकदाच बोलली, लाल सिग्नलला थांबलो असताना. “मावशी, तू सांगितलं ते बरोबर होता. पण माझा राग गेला नाही. दोन्ही आहे.” मी म्हटलं, असू दे.

त्यानंतर जेमतेम सव्वा वर्ष. अंजली म्हणते, तू बोललीस म्हणून ती तेवढी तरी राहिली. सुधीर फोनवर फायनलचा व्हिडिओ लावतात आणि दुसरा गोल झाला की पुन्हा पहिल्यापासून बघतात. मी डॉक्टरांना भेटून विचारलं, शेवटी अशीच जाणार होती तर मध्यंतरी खेळू दिलं असतं तर? ते म्हणाले, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. अंजलीचं म्हणणं मला पटत नाही आणि उलटही पटत नाही. अंथरुणाला पाठ टेकली की स्वतःशीच दोन्ही बाजूंनी भांडत असते.

मागच्या शनिवारी घरात बसवेना, म्हणून मैदानावर गेले. कॉलेजच्या कोच बाईंनी रेवाच्या त्या लहान मुलींना मैदानाभोवती पळायला लावलं आणि एकदम शिट्टी दिली. सगळ्या जणी जागच्या जागी थांबल्या, दोन बोटं मानेवर ठेवून डोळे मिटून हृदयाचे ठोके मोजू लागल्या. बाई म्हणाल्या, हा रेवाचा नियम. मोजून झाल्यावर जिला बरं वाटत नसेल तिने हात वर करायचा, आणि तिला कुणी काही बोलायचं नाही. त्या दिवशी पोनीटेलवाल्या एका बारीक मुलीने हात वर केला. ती मान खाली घालून बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. मी तिला पाण्याची बाटली दिली. तिची धाप हळूहळू ओसरली. मैदानातून कुणी काही बोललं नाही.